काचेच्या आतले अकरा दिवस

४ जून, बुधवार

सूनबाई,

तू माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून कागद घेतला. "आई, तिने तुला ब्लॉक केलंय," एवढं सांगून तुझा नवरा जो गप्प बसला तो बसलाच. मिठाची गुळणी धरण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. लहानपणीही असाच होता.

अकरा दिवसांनी मोठ्या तपासणीत काही निघालं नाही, बाळ तुझ्या हातात आलं, सगळं सुरळीत झालं. मग दवाखान्याच्या दारातून टॅक्सी करून सरळ आईकडे का गेलीस? मी फाटकाशी पिशवी घेऊन उभी होते. तू पाहिलंस. टॅक्सी थांबली नाही. पहारेकऱ्याने मला विचारलं, "आजी, तुमचं पेशंट गेलं वाटतं?"

तुझ्या मनात आहे की हे सगळं माझ्यामुळे झालं. मी तुला स्वच्छ सांगते, लघवीची तपासणी मी केली नव्हती. कळा सुरू झाल्यावर तुझा रक्तदाब वर गेला, त्यांनी नमुना घेतला, पट्टी बुडवली, पट्टीवर नशेच्या गोळ्या दिसल्या. अंगात तरतरी आणणाऱ्या, झोप उडवणाऱ्या असतात त्या. असं निघालं की बालकल्याणच्या बाईंना बोलवायचं, हा त्यांचा नियम. त्या आल्या. घरातल्या माणसांना विचारणं त्यांचं कामच आहे. मला विचारलं, मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. तू चष्म्याच्या डबीत सुट्या पांढऱ्या गोळ्या ठेवायचीस, हे खोटं आहे का? शेवटचे दोन महिने तुझे हात थरथरायचे, डोकं धरून बसायचीस, मी आले की डबी पर्समध्ये टाकायचीस. खोटं आहे का?

माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

बाळाची लोकरीची टोपी माझ्याकडे राहिली आहे. तुझ्या नवऱ्याबरोबर पाठवते.

सासू


१३ जून, शुक्रवार

सूनबाई,

काल तुझा नवरा पाळणा न्यायला आला होता. पाळण्याचे स्क्रू काढत बसला होता आणि मी त्याच्या मागे उभी राहून बोलत होते. शेवटी त्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, "आई, त्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. सातव्या महिन्यापासून. दिवसातून तीनदा."

"मग पाकिटात का नव्हत्या?"

"दुकानात काउंटरवर उभ्या उभ्या दुपारची गोळी घ्यावी लागायची. पाकीट दिसलं की मालक विचारणार, बरं नाही का. म्हणून डबीत."

"आणि मला का नाही सांगितलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि परत पाना उचलला.

उत्तर मला माहीत आहे. तू सांगितलं असतंस तर दुसऱ्या दिवसापासून मी तुला चष्म्याच्या दुकानात जाऊ दिलं नसतं. दिवसभर उभं राहून लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवायच्या, हे पोटुशीचं काम नाही, असं मी चौथ्या महिन्यापासून म्हणत होते. तुला ते काम आवडतं हे मला ठाऊक होतं. तरी म्हणत होते.

पण रक्तदाबाची गोळी आणि नशेची गोळी, यांचा काय संबंध, हे मला समजेना. त्यालाही नीट सांगता येईना. म्हणून आज सकाळी मी दवाखान्यात गेले. तळमजल्यावर प्रयोगशाळा आहे, तिथे खिडकीत एक जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई बसतात. मी म्हटलं, मला एक विचारायचंय. त्या म्हणाल्या, रिपोर्ट संध्याकाळी मिळतील. मी म्हटलं, रिपोर्ट नको, समजून घ्यायचंय. तेव्हा त्यांनी मान वर केली. तपासायचे नमुने संपवून मग अर्धा तास त्यांनी मला दिला, पायरीवर बसून.

त्यांनी सांगितलं ते असं. ती गोळी पोटात गेली की शरीर तिचे तुकडे करतं. त्यातला एक तुकडा दिसायला त्या नशेच्या औषधासारखा असतो. पट्टीला दोघांतला फरक कळत नाही, ती सारखाच रंग दाखवते. "आजी, पट्टी ही नुसती चाळणी आहे," त्या म्हणाल्या. "चाळणीत अडकलं म्हणजे ते तेच आहे असं नाही. म्हणून मोठ्या यंत्रावर परत तपासायचं. ते यंत्र आमच्याकडे नाही, बाहेरगावी पाठवावं लागतं. दहा दिवस लागतात."

"मग तिने ही गोळी घेते असं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं असेल. तिच्या गोळ्यांचा कागद तिच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे. पट्टी इथे. बालकल्याणची फाइल तिसरीकडे. तिन्ही कागद एका टेबलावर कुणी ठेवलेच नाहीत." "खरं सांगायचं तर मीच ठेवायला हवे होते. मला ही गोळी माहीत आहे. पण नमुन्याबरोबर फक्त नंबर येतो."

निदान त्या बाईंनी आपली चूक कबूल तरी केली.

मला घरी येताना सगळा रस्ता एकच गोष्ट आठवत होती. तुला माहीत आहे, मी सव्वीस वर्षं बोल्टच्या कारखान्यात तपासणीला होते. आमच्याकडे एक साधं माप असायचं, त्यात बोल्ट बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. पण बाजूला टाकलेला बोल्ट कुणी लगेच भंगारात फेकत नसे. तो मायक्रोमीटरवर परत मोजायचा. एखाद्या नव्या मुलीने न मोजता फेकला तर मी तिला सगळ्यांसमोर झापायची.

बोल्टला मी दुसऱ्यांदा मोजलं. तुझ्या वेळी मला तेवढंही सुचलं नाही.

बाळ दूध नीट ओढतं का? तुझ्या नवऱ्याला विचारलं तर नुसतं "हो" म्हणतो.

सासू


२४ जून, मंगळवार

सूनबाई,

आज बालकल्याणच्या ऑफिसात जाऊन आले. लिफ्ट बंद, चौथा मजला, माझे गुडघे. जाऊ दे.

मला वाटलं होतं की मोठी तपासणी स्वच्छ आली म्हणजे कागद फाडून टाकला असेल. त्या बाई म्हणाल्या, फाइल बंद झाली आहे, पण फाटत नाही. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी कुणी नाव शोधलं तर ती नोंद दिसणार.

मी म्हटलं, "चूक होती ना पण?"

"तपासणीची चूक होती, ती दुरुस्त झाली. पण तपासणी म्हणजे एकच कागद. दुसरा तुमचा जबाब. तो तपासणी नाही, त्यामुळे तो आपोआप रद्द होत नाही."

"मला वाचून दाखवा."

त्यांनी वाचून दाखवलं नाही, माझ्यासमोर कागद सरकवला. मी चष्मा लावला. पहिलीच ओळ अशी: "बाळंतिणीच्या सासूबाईंनी दि. १४ मे रोजी स्वतःहून कार्यालयात येऊन सांगितले की…"

स्वतःहून.

मी पहिल्या पत्रात तुला लिहिलं की मला विचारलं म्हणून सांगितलं. तसं नव्हतं. त्या बाई तुझ्या नवऱ्याशी बोलून, त्याने सांगितलेलं लिहून, निघाल्या होत्या. तो त्यांना म्हणाला होता की ती रक्तदाबाचं औषध घेते, हे मला आज त्याच फाइलमध्ये दिसलं. त्यांना काही त्याचा उपयोग वाटला नाही, पण निदान लिहून घेतलं होतं. मी त्यांच्या मागे जिना उतरले. दवाखान्याच्या तळमजल्यावर त्यांना कार्यालय म्हणून एक खोली दिली होती, तिचं दार वाजवलं, आत गेले आणि म्हटलं, माझा मुलगा साधा आहे, त्याला काही कळत नाही, मी सांगते.

त्या कागदावर पुढे बरंच आहे. तुझी चिडचिड. तुझं अर्धं जेवण टाकून उठणं. डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात असं तू एकदा म्हणालीस, तेही मी सांगितलंय. आज त्या बाईंसमोर बसून वाचताना माझ्या लक्षात आलं की ही सगळी रक्तदाब वाढल्याची लक्षणं आहेत. घरात आजारी बाई होती आणि मी तिच्या आजाराची यादी पुरावा म्हणून देऊन आले.

मी असं का केलं ते तुला सांगायला हवं. सबब म्हणून सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ हृदयविकाराने गेला असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या नवऱ्यालाही तेवढंच माहीत आहे. तो गोळ्यांनी गेला. ट्रकवर होता, लांबचे फेरे करायचा, जागं राहायला सुरुवात केली आणि मग सुटलंच नाही. त्याच्याकडेही सुट्या गोळ्या असायच्या, तंबाखूच्या डबीत. मी एकदाच विचारलं होतं. "ताई, तुझी शपथ, डोकेदुखीच्या आहेत," म्हणाला. मी मानलं. वर आईवडिलांनाही सांगितलं नाही, उगाच कशाला घोर. पुढे सात महिन्यांनी मला त्याची ओळख पटवायला बोलावलं.

तेव्हापासून मी मनाशी ठरवलं होतं की परत असं काही दिसलं तर विचारायचं नाही, सरळ सांगायचं. तुझी डबी पाहिली आणि मला तू दिसलीच नाहीस. तो दिसला.

हे मी कुणालाही लिहिलेलं नाही. तुझ्या नवऱ्याला सांगायचं तर तू सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

जबाब मागे घेता येतो का, असं मी विचारलं. मागे घेता येत नाही, पण नवीन जोडता येतो, असं त्या म्हणाल्या. सोबत प्रयोगशाळेचं आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंचं पत्र लागेल. मी म्हटलं, आणते.

सासू


३ जुलै, गुरुवार

सूनबाई,

काम झालं. थोडक्यात लिहिते.

तुझ्या डॉक्टरीणबाईंनी आधी मला उभंच केलं नाही. पेशंटची माहिती सासूला देत नाही, असं तोंडावर सांगितलं. बरं वाटलं मला. कुणीतरी तुझी बाजू राखून होतं. मग तुझ्या नवऱ्याला फोन केला, तो दुपारची सुट्टी टाकून आला. तुझी परवानगी त्याने आधीच आणली होती, सही केलेली. म्हणजे त्याने तुला सांगितलं होतं की मी काय खटपट करते आहे, आणि तू नाही म्हणाली नाहीस. मी त्याचा जास्त अर्थ काढत नाही.

दवाखान्यात मात्र दोन दिवस टोलवाटोलवी. प्रसूती विभागाच्या मोठ्या सिस्टरांनी काखा वर केल्या, "आम्ही नियमाप्रमाणे केलं." त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी प्रयोगशाळेच्या बाई स्वतः वर आल्या आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर तुझ्या गोळ्यांचा कागद, पट्टीचा निकाल आणि मोठ्या यंत्राचा निकाल शेजारी शेजारी मांडले. डॉक्टरांनी तिन्ही वाचले. "हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं," म्हणाले. बस, एवढंच. पण पत्र दिलं. पट्टी चुकली, कारण अमुक औषध, बाळंतिणीने कुठलाही नशेचा पदार्थ घेतलेला नाही, असं स्पष्ट लिहिलंय.

मग माझा जबाब. बालकल्याणच्या बाई म्हणाल्या, मी मजकूर सांगते, तुम्ही सही करा. मी म्हटलं, नको, मीच लिहिते. असा लिहिला:

"मी दि. १४ मे रोजी माझ्या सुनेविषयी जे सांगितले, ते तिला काहीही न विचारता सांगितले. तिच्याकडच्या गोळ्या रक्तदाबाच्या होत्या. मी तिला नशा करताना कधीही पाहिलेले नाही. माझा आधीचा जबाब माझ्या गैरसमजातून आलेला आहे आणि तो तिच्याविरुद्ध कुठेही धरला जाऊ नये."

त्यांनी शिक्का मारला. जुन्या कागदाच्या वर लावला, खाली नाही. मी उभी राहून बघितलं. प्रती या पत्राच्या पाकिटात घातल्या आहेत. जपून ठेव.

सासू


११ जुलै, शुक्रवार

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझा नवरा देऊन लगेच गेला. एकच ओळ आहे, तीनदा वाचली.

"आई, पहिल्या दिवसाचं समजलं, पण पुढचे दहा दिवस तुम्ही मला एकदाही का नाही विचारलंत?"

याचं उत्तर द्यायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. ओटा घासला. कपाट लावलं. भावाचं कारण परत लिहून पाहिलं, पण ते पहिल्या दिवसाचं कारण आहे. तू बरोबर पकडलंस.

तर ऐक.

बालकल्याणचा नियम होता की आईला बाळाजवळ एकटीला ठेवायचं नाही. अंगावरचं दूध द्यायचं नाही. दिवसातून दोनदा, सिस्टर बरोबर असताना, अर्धा तास. बाकी वेळ घरातलं कुणी जबाबदार माणूस बसलं तरी चालेल. जबाबदार माणूस म्हणून त्यांनी माझं नाव लिहिलं. हिरवा झगा घालून मी आत, आणि तू गाऊनवर शाल घेऊन काचेच्या बाहेर. मी तुझ्या लेकीला बाटलीने दूध पाजत होते. तुझ्याकडे पाठ करून बसायचे मी. सिस्टरांना सांगायचे, खिडकीतून झोत येतो, डोळ्यांवर उजेड पडतो बाळाच्या.

एकदा मी तुला न्हाणीघरात पाहिलं. दूध काढून तू बेसिनमध्ये ओतत होतीस आणि नळ सोडून ते वाहून जाईपर्यंत थांबली होतीस. मी दारातून परत फिरले. तेव्हा विचारू शकले असते. आत तू एकटीच होतीस.

नाही विचारलं, कारण मला ते बाळ मांडीवर हवं होतं.

पहिले दोन-तीन दिवस भीती होती, ती खरी होती. चौथ्या दिवशी तुझी लेक माझ्या आवाजाकडे मान वळवायला लागली. मी "ठमाबाई" म्हटलं की हातपाय ताणायची. तुझा नवरा झाला तेव्हा मी दीड महिन्यात कामावर गेले होते, सूनबाई. त्याला माझ्या सासूने वाढवलं, आणि तो रडला की तिच्याकडे जायचा. मी कधी बोलून दाखवलं नाही. या वेळी बाळ माझ्याकडे होतं आणि कुणी मागायला येणार नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू सांगितलं असतंस तर मला उठावं लागलं असतं.

मला त्या अकरा दिवसांत बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तू विचारलंस, आणि आता तुला अर्धंमुर्धं सांगून उपयोग नाही.

हे वाचून तू मला कधीच भेटायचं नाही असं ठरवलंस तर मी तुझ्या नवऱ्याला मध्ये घालणार नाही.

सासू


१४ जुलै, सोमवार

सूनबाई,

काल समोरासमोर बसलो होतो तरी लिहिते आहे, कारण तिथे तुझी आई होती, तुझा नवरा होता, आणि माझं तोंड काही उघडलं नाही.

शनिवारी तो म्हणाला, "उद्या चार वाजता ये. ती म्हणाली म्हणून सांगतोय." मी साडेतीनलाच तुमच्या गल्लीत पोचले आणि औषधाच्या दुकानासमोर बाकावर बसून राहिले. दुकानदाराने दोनदा विचारलं, काही हवंय का.

दार तू उघडलंस. बारीक झाली आहेस. मी खुर्चीच्या कडेवर बसले. तुझी आई माझ्याशी हवापाण्याचं बोलली, तिचे उपकार. माझ्या मुलीबाबत कुणी असं केलं असतं तर मी त्या बाईला पाणी विचारलं नसतं.

बाळ तुझ्या खांद्यावर होतं. पाजायची वेळ झाली तेव्हा तू उठून आत जाशील असं वाटलं. गेली नाहीस. पदर घेऊन तिथेच, माझ्यासमोर बसलीस, आणि पाजलंस. मला माहीत नाही तू ते मुद्दाम केलंस की सहज. पहिल्यांदाच पाहत होते मी ते. किती घाई करते गं ती, आणि मध्येच थांबून तुझ्या तोंडाकडे बघते. बाटलीकडे असं कधी बघितलं नाही तिने.

तू तिला माझ्या हातात दिलं नाहीस. मी मागितलंही नाही. ते तसंच असू दे, तुला वाटेल तोपर्यंत.

पत्राबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. मी चपला घालत होते तेव्हा तू मागे येऊन उभी राहिलीस. मला वाटलं, आता बोलशील. म्हणालीस, "चारला ती झोपते. जागी असताना पाहायचं असेल तर पुढच्या रविवारी अडीचला या."

मी नुसती मान हलवली.

येते. अडीचला.

तुझी सासू